टिपेचा रकाना

२०२५ च्या जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात एक वेटर आईला घेऊन विमा दवाखान्यात गेला. आईच्या शुगरच्या गोळ्या संपल्या होत्या. महिन्याच्या महिन्याला मिळायच्या, त्यात नवीन काही नव्हतं. खिडकीवरच्या माणसानं नंबर टाकला, पडद्याकडे पाहिलं आणि म्हणाला, "तुमचं बंद झालंय." का बंद झालं, ते खिडकीला माहीत नसतं. आईला रिक्षात बसवून पोरगा थेट हॉटेलात आला आणि गल्ल्यावरच विचारता झाला, "शेठ, माझा विमा कशापायी काढून घेतला?"

शेठनं काही काढून घेतलं नव्हतं. उलट त्यानं जरा जास्तच प्रामाणिकपणा केला होता, आणि भानगड तिथूनच सुरू झाली होती. संध्याकाळी मला फोन आला.

मी गारखेड्यात राहतो आणि लोकांची रिटर्नं, पगारपत्रकं, टीडीएसची विवरणपत्रं भरून देतो. सीए नाही, सीएच्या काचेच्या दाराला बिचकणाऱ्यांचा माणूस आहे. हे हॉटेल सूतगिरणी चौकातून चालत पाच मिनिटांवर. नाव सांगत नाही, कारण यातली चूक कुणा वाईट माणसाची नाही. सव्वीस माणसं कामाला, दोन भट्ट्या, वर फॅमिली रूम. गुरुवारी गजानन महाराजांच्या दर्शनाहून परतणारी मंडळी, एरवी क्लास सुटलेली पोरं आणि रविवारी उल्कानगरीपासून पुंडलिकनगरपर्यंतची कुटुंबं. बडीशेपच्या वाटीखाली ठेवलेली वीसची नोट आठवते? या हॉटेलात ती नोट २०२२ च्या उन्हाळ्यात जवळपास दिसेनाशी झाली. शेठनं प्रत्येक टेबलावर आपला क्यूआर चिकटवला, आणि ८६० चं बिल असलं की गिऱ्हाईक ९०० मारायला लागलं. वरचे चाळीस शेठच्या खात्यात.

तिथंच गप्प बसणारे मालक मी पाहिले आहेत. हा गप्प बसला नाही. रोज रात्री बिलं आणि जमा यांचा मेळ घालायचा, वरची रक्कम वेगळी काढायची, महिन्याअखेरी पॉइंटनं वाटायची. कॅप्टनला चार पॉइंट, वेटरला तीन, टेबल पुसणाऱ्या पोराला दोन, भांडी घासणाऱ्या मावशींना एक. शिवाय रोख देण्याऐवजी पगाराबरोबर बँकेतच टाकायचा, म्हणजे कुणाला शंका नको.

हिशेब लिहिणारा पोरगा नवा होता. त्यानं पगारपत्रकात एक रकाना वाढवला. मी ते पत्रक उघडलं तेव्हा रकान्यांचा क्रम असा होता: मूळ पगार, भत्ता, टीप, एकूण, पीएफ, ईएसआय, व्यवसाय कर, हातात. ‘टीप’ हा रकाना ‘एकूण’च्या आधी होता. तो ‘एकूण’च्या नंतर हवा होता. एवढंच. एका रकान्याची जागा चुकली आणि तीन वर्षं ते गणित आपोआप होत राहिलं.

आता त्या वेटरचं काय झालं बघा. पगार १७,८००. टिपेचे ३,७५०. एकूण २१,५५०. राज्य विम्याची, म्हणजे ईएसआयची, मर्यादा २०१७ पासून महिना २१,००० ची आहे. त्यावर पगार गेला की माणूस विम्याबाहेर. पण लगेच नाही, चालू सहामाही संपेपर्यंत वर्गणी भरावी लागते. त्याचा आकडा २०२४ च्या जूनमध्ये मर्यादेवर गेला, म्हणून १ ऑक्टोबरला नाव गळलं. एप्रिल ते सप्टेंबरच्या वर्गणीचा लाभ पुढच्या जानेवारी ते जूनमध्ये मिळतो, त्यामुळे जूनअखेरपर्यंत गोळ्या मिळत राहिल्या. चूक झाली एका पावसाळ्यात, कळली दुसऱ्या पावसाळ्यात. आणि वाचले किती? मालकाचे सव्वातीन टक्के, वेटरचा पाऊण टक्का. १७,८०० वर दोन्ही मिळून महिन्याला जेमतेम सातशे बारा रुपये. तेही कुणी वाचवायला निघालं नव्हतं. अशी नावं गळलेले एकूण सहा जण सापडले.

दुसऱ्या बाजूला कॅप्टन. वीस वर्षांचा अनुभव, आधी जालना रस्त्यावरच्या तारांकित हॉटेलात होता. इथं कॅप्टनही तोच आणि मॅनेजरही तोच. २०२२-२३ मध्ये पगार ४२,०००, म्हणजे वर्षाचे ५,०४,०००. टिपेचे ६०,०००. पोरानं दोन्ही मिळून ५,६४,००० पगार धरला, पन्नास हजारांची प्रमाणित वजावट आणि अडीच हजार व्यवसाय कर वजा केला, उरले ५,११,५००. पाच लाखांच्या आत असता तर कर माफ होता. वर गेल्यामुळे पूर्ण लागला: १५,३९२ रुपये, उपकरासह. शेठनं इमानेइतबारे कापून भरले. कॅप्टनला वाटलं, सरकार टिपेवरही डोळा ठेवून आहे.

सरकारनं डोळा ठेवून पाहिला होता, हे खरं आहे. पण ती गोष्ट गारखेड्याची नाही, मोठ्या हॉटेलांची आहे.

आयकर खात्यानं आयटीसीच्या हॉटेलांची तपासणी केली तेव्हा असं दिसलं की, पाहुणे क्रेडिट कार्डानं बिल देताना त्यावर टीप चढवतात, ती हॉटेलच्या खात्यात येते, हॉटेल ती नोकरांना वाटतं आणि त्यावर टीडीएस कापत नाही. २००३-०४ पासूनची कर आकारणी वर्षं होती. खातं म्हणालं, हा पगारच झाला. तुम्ही कलम १९२ खाली कर कापायला हवा होता, नाही कापला, आता तुम्ही कसूरदार, वर व्याजही द्या. आयुक्तांच्या अपिलात आणि न्यायाधिकरणात हॉटेल जिंकलं. दिल्ली उच्च न्यायालयानं २०११ मध्ये पारडं फिरवलं: गिऱ्हाईकानं वेटरच्या हातात रोख ठेवली तर मालकाचा संबंध नाही, पण पैसा मालकाच्या हातातून गेला तर तो पगार. शेवटी २६ एप्रिल २०१६ ला सर्वोच्च न्यायालयात न्यायमूर्ती कुरियन जोसेफ आणि न्यायमूर्ती रोहिंटन नरिमन यांच्या पीठानं ते उलटवलं. निकाल नरिमन यांनी लिहिला.

त्यातला युक्तिवाद मला पहिल्यांदा वाचताना हॉटेलातल्या माणसानंच सांगितल्यासारखा वाटला होता. पगार म्हणजे जे मालकाकडे ‘येणं’ असतं, जे नाही दिलं तर नोकर भांडू शकतो, ते. आज गिऱ्हाइकानं टीप दिली नाही म्हणून वेटर शेठशी भांडतो का? नाही. मग ते येणं नाही. टीप येते गिऱ्हाइकाच्या मर्जीतून, नोकरीच्या करारातून नाही. मालकाच्या खात्यात ती थांबते खरी, पण तो तिचा मालक नसतो, विश्वस्त असतो. म्हणून कलम १९२ लागत नाही आणि न कापल्याचं व्याजही लागत नाही. याआधी १९७६ मध्ये जयपूरच्या रामबाग पॅलेस हॉटेलच्या प्रकरणात याच न्यायालयानं अशाच वळणाचं सांगितलं होतं, आणि राज्य विम्याच्या बाबतीत क्वालिटी इन सदर्न स्टार या हॉटेलच्या प्रकरणातही टीप ‘वेतना’त धरली गेली नाही. म्हणजे आमच्या वेटरचा पगार कायद्यानं कधी १७,८०० च्या पुढे गेलाच नव्हता. गोळ्या बंद व्हायचं कारणच नव्हतं.

पण या निकालातलं अर्धंच वाक्य बाजारात फिरतं. "टिपेला टॅक्स नाही" असं मला आठवड्यातून एकदा तरी कुणी तरी ऐकवतं. न्यायालय असं म्हणालेलं नाही. टीप पगार नाही, एवढं म्हटलं. ती नोकराच्या हातात ‘इतर मार्गांनी मिळालेलं उत्पन्न’ आहेच. मालकानं ती कापायची नाही, नोकरानं आपली आपण दाखवायची. कर गेला नाही, पेन एका हातातून दुसऱ्या हातात गेलं. आणि ज्या हातात गेलं त्या हातात बहुतेक वेळा चार प्लेटा असतात.

मराठीत टीप म्हणजे नोंद. पानाखाली देतो ती टीप, टिपून ठेवतो ती टीप. हॉटेलातली टीप इंग्रजीतून आली, योगायोगानं त्याच शब्दात येऊन बसली. आणि नेमकी तीच कुणी टिपत नाही.

दुरुस्तीला बसलो. ज्यांना या कामाची कल्पना नाही त्यांच्यासाठी सांगतो: टीडीएसचं विवरणपत्र, पगाराचं असलं की २४क्यू, एकदा भरलं की त्यावर रबर फिरवता येत नाही. आधी खात्याच्या ट्रेसेस या संकेतस्थळावर जाऊन आपण आपणच आहोत हे पटवावं लागतं. मूळ पावतीचा टोकन क्रमांक, एका चलनाचा बँकेचा कोड, तारीख, अनुक्रमांक, रक्कम, आणि त्या चलनातल्या तीन माणसांचे पॅन व त्यांच्या नावावर कापलेले पैसे. चलनात एकच माणूस असेल तर एकच. मग खातं तुम्हाला सगळं एकत्र केलेली एक फाइल देतं, तिला आम्ही ‘कॉन्सो’ म्हणतो. ती उघडून जिथं चूक आहे तेवढंच बदलायचं, तपासणीच्या प्रोग्रॅममधून न्यायचं आणि परत चढवायचं. चौथ्या तिमाहीच्या विवरणपत्राला एक वर्षभराच्या पगाराचं परिशिष्ट असतं. कॅप्टनची चूक तिथं होती. तिथं ५,६४,००० चे ५,०४,००० केले. कर कापल्याची ओळ हलवली नाही. ते १५,३९२ त्याच्या पॅनवर जमा आहेत, त्याचे आहेत, ते मालकाला परत घेता येणार नाहीत.

हे तीन वर्षांचं करायचं होतं. पुढच्या दोन वर्षांत करमाफीची मर्यादा वाढल्यामुळे कर कापला गेला नव्हता, पण रकाना तिथंच होता. आणि घाई होती. दुरुस्तीला पूर्वी मुदतच नसायची. दहा-दहा वर्षांपूर्वीची चलनं लोक निवांत जुळवत बसायचे. २०२५ च्या एप्रिलपासून सहा वर्षांची मुदत आली. त्यात १९६१ चा आयकर कायदा जायच्या बेतात होता. १ एप्रिल २०२६ पासून २०२५ चा नवा आयकर कायदा लागू होणार होता आणि त्यात दुरुस्तीला दोनच वर्षं ठेवली होती. २०२२-२३ च्या चौथ्या तिमाहीची दुरुस्ती ३१ मार्च २०२६ नंतर घेतली जाणार नव्हती. माझ्या टेबलावर तेव्हा अशा जुन्या फायलींचा ढीग होता. 

विम्याची बाजू त्याहून चिकट निघाली. सहा जणांची वर्गणी मागच्या महिन्यांची भरायची, वर बारा टक्के दरानं व्याज. शेठ म्हणाला, "त्यांचा पाऊण टक्का त्यांच्या पगारातून घेऊ ना?" नाही घेता येत. ज्या महिन्याचा पगार, त्याच महिन्याच्या पगारातून कापायचं. राहून गेलं तर तो हिस्साही मालकाच्याच बोडख्यावर. त्यानं काही न बोलता भरलं.

याच सुमारास माझ्या चुलतबहिणीचा फोन आला. ती न्यू जर्सीत एडिसनला असते आणि ओक ट्री रोडवरच्या दोन-तीन भारतीय हॉटेलांचे हिशेब बघते. मी रकान्याची गोष्ट सांगितली तशी ती हसत सुटली. "दादा, आमच्याकडे टीप ‘एकूण’च्या आधीच लागते. नंतर लावली तर आम्ही आत!"

तिकडची तऱ्हा अशी. महिन्यात वीस डॉलर किंवा त्याहून जास्त टीप मिळाली की वेटरनं पुढच्या महिन्याच्या दहा तारखेपर्यंत मालकाला लेखी कळवायची. मालक ती पगारासारखी धरतो. आयकर तर कापतोच, शिवाय म्हातारपणच्या पेन्शनसाठी आणि औषधपाण्यासाठी ७.६५ टक्के वेटरचे आणि तितकेच स्वतःचे भरतो. दर तिमाहीला ९४१ नावाचं विवरणपत्र. त्यात चूक झाली तर ९४१-एक्स. पण वेटरनं टीप लपवली असेल तर? मालकाला माहीतच नसलेल्या टिपेवर मालकाचा हिस्सा कधी द्यायचा? इथं त्यांनी एक गंमत करून ठेवली आहे: वेटरनं आपला हिस्सा आपल्या रिटर्नमध्ये भरायचा, आणि मालकाचं देणं खात्याची मागणीची नोटीस आल्यावरच सुरू होतं. तेही जुन्या तिमाहीत जाऊन खाडाखोड करायची नाही. चालू तिमाहीच्या विवरणपत्रात त्यासाठी एक स्वतंत्र ओळ आहे, तिथं लिहायचं. पुन्हा रकानाच! फक्त तिकडे तो छापूनच येतो.

आणि खात्याला कसं कळतं? सॅन फ्रान्सिस्कोच्या फिऑर द इटालिया या जुन्या इटालियन हॉटेलची केस त्यासाठी प्रसिद्ध आहे. १९९१ आणि १९९२ च्या कार्डाच्या पावत्या खात्यानं काढल्या, लोकांनी सरासरी चौदा टक्क्यांच्या थोडी वर टीप दिलेली दिसली, आणि तोच दर हॉटेलच्या सगळ्या विक्रीला लावून तेवीस हजार डॉलरच्या वर मागणी काढली. हॉटेल म्हणालं, रोख देणारा माणूस कार्डवाल्याइतकी टीप देत नाही. आपल्याकडचा कुठलाही वेटर यावर मान डोलावेल. पण २००२ मध्ये त्यांच्या सर्वोच्च न्यायालयानं सहा विरुद्ध तीन मतांनी असा ढोबळ अंदाज चालतो म्हणून सांगितलं. २०२५ च्या ४ जुलैला तिकडे ‘टिपेवर कर नाही’ असा गाजावाजा होऊन कायदा झाला. पंचवीस हजार डॉलरपर्यंतची वजावट, २०२५ ते २०२८. ती आयकरापुरती. हे ७.६५ टक्के आहेत तिथंच आहेत.

"म्हणजे लोकांना त्रासच," मी म्हणालो.

"त्रास आहे ना. पण दादा, टीप लिहिली की ती पेन्शनमध्ये मोजली जाते. लपवणारे साठीला आले की रडतात."

फोन ठेवल्यावर मी बराच वेळ ते पगारपत्रक बघत बसलो. रकाना उजवीकडे सरकवला म्हणजे काय केलं मी? वेटरच्या आईच्या गोळ्या परत मिळाल्या, खरं आहे. खिडकी उघडायला दोन महिने लागले, पण उघडली. आणि त्याच वेळी टीप पीएफमधून बाहेर, ग्रॅच्युइटीतून बाहेर, उद्या भट्टीचा भडका अंगावर आला तर भरपाईच्या हिशेबातून बाहेर राहिली. इंग्लंडमध्ये १९०८ साली रेल्वेच्या उपाहार डब्यातल्या एका वेटरच्या भरपाईच्या खटल्यात न्यायालयानं त्याची टीप कमाईत धरली होती. मालकाला ठाऊक असलेली, रोजची, उघडपणे मिळणारी टीप ही त्या कामाची कमाईच, असा तो विचार. आपल्याकडच्या २०१६ च्या निकालाशी तो थेट भांडत नाही, कायदे वेगळे आहेत. पण दोन्ही एकाशेजारी ठेवले की कळतं, टीप पगार आहे की नाही हे टीप पाहून ठरत नाही, कोण विचारतंय आणि कशासाठी विचारतंय यावर ठरतं.

सर्व्हिस चार्जचा गोंधळ यात मिसळू नका. बिलात हॉटेलनं स्वतःहून लावलेले पाच-दहा टक्के म्हणजे टीप नव्हे. त्यावर जीएसटीही लागतो. ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं जुलै २०२२ मध्ये सक्तीला मनाई केली, आणि २८ मार्च २०२५ ला दिल्ली उच्च न्यायालयानं ती उचलून धरली, हॉटेलवाल्यांच्या दोन्ही संघटनांना प्रत्येकी लाखाचा दंडही ठोकला. गारखेड्यात असा चार्ज लावायची कुणाची छाती नाही. लावला तर गिऱ्हाईक ताट तसंच ठेवून शेजारच्या हॉटेलात जाईल. पण क्यूआरवरची टीप मालकानं वेगळी न काढता विक्रीत मिसळू दिली, तर त्या वीस रुपयांवरही पाच टक्के जीएसटी भरला जातो. हे मी तीन हॉटेलांत पाहिलं आहे.

दिवाळी जवळ आली की आणखी एक शब्द परत येतो: पोस्त. पोस्टमन, कचरा नेणारी गाडी, पेपरवाला, बिल्डिंगचा वॉचमन. ती टिपेची थोरली बहीण. मालक देतो तो बोनस. त्याला कायदा आहे, ८.३३ टक्क्यांची किमान मर्यादा आहे, तो पगारात धरला जातो. पोस्त देणारा मालक नसतो. ती कुठंच धरली जात नाही, आणि अजूनपर्यंत कुणी क्यूआरवर देत नाही, हे नशीब.

कॅप्टनच्या हातात मी तिन्ही वर्षांचे सुधारलेले फॉर्म १६ ठेवले तेव्हा त्याचा चेहरा उजळेल असं मला वाटलं होतं. त्यानं शेवटचा आकडा पाहिला आणि कागद परत टेबलावर ठेवला.

"भाऊ, जुनंच राहू द्या की."

बीड बायपासच्या पलीकडे त्यानं वन बीएचके बघून ठेवलं होतं. कर्जवाल्यानं जुन्या फॉर्मवरचा आकडा पाहून हप्ता बसवला होता. पगार खरा झाला तसं कर्ज कमी झालं. मी सांगितलं, की टीप तुझ्या रिटर्नमध्ये तू दाखव, बँक तेही बघते. त्यानं आजवर रिटर्न भरलंच नव्हतं. मग आम्ही बसून जुनं काढलं. टिपेचे साठ हजार ‘इतर मार्ग’मध्ये टाकले तरी एकूण तेच ५,११,५०० आलं, पण त्या पोरानं पीएफचे वर्षाचे २१,६०० वजाच केले नव्हते. ते केले की ४,८९,९००. पाच लाखांच्या आत. म्हणजे त्या वर्षी त्याला एक रुपयाचाही कर नव्हता, टीप धरूनसुद्धा नव्हता. मुदत उलटल्यामुळे परताव्यासाठी आता विलंब माफीचा अर्ज करावा लागणार आहे. पंधरा हजार तीनशे ब्याण्णव. अर्ज लिहून ठेवलाय.

पुढच्या वर्षापासून आकडा कुठून आणायचा, हा प्रश्न होता. काही गिऱ्हाइकं अजून रोख टीप देतात, ती टिपेच्या पेटीत जाते, शेठच्या खात्यात येत नाही. मी म्हटलं, वही घाल.

घटस्थापनेनंतर तो वही घेऊन आला. दोनशे पानी, मुलीच्या अक्षरात. तारीख, क्यूआरचे पॉइंट, पेटीतले पॉइंट, सही. शेवटच्या ओळीत लिहिलं होतं: ‘दर्गा चौकातले काका, १००, दसऱ्याची पोस्त’. म्हणाला, हे त्यांनी मला एकट्याला हातात दिले, हे कुठं लिहायचं? मी चष्मा पुसत होतो तोवर त्यानं मुलीचं पेन घेतलं, ‘१००’ वर रेघ ओढली आणि समोर लिहिलं: पेटीत टाकले.